बर्फावरच्या बारा फळ्या

अंगमो मॅडमनी दोन्ही बूट फळीवर ठेवले, फळीच्या वर वळलेल्या नाकाला बांधलेली दोरी हातात घेतली, गुडघे वाकवून पुढे झुकल्या, आणि फळी जागची हलली नाही. त्यांनी कमरेतून एक हिसका दिला. फळी वीतभर सरकून थांबली. मॅडम थांबल्या नाहीत. त्या तशाच पुढे गेल्या आणि बर्फात हातांवर पडल्या.

उतारावर स्नोबोर्ड क्लबची पंधरा-वीस माणसं उभी होती. आधी कुणी हसलं नाही, कारण मॅडम क्लबच्या सेक्रेटरी. मग त्या स्वतःच हसल्या आणि सगळ्यांना परवाना मिळाला. दुसरी फळी काढली, तिसरी काढली, बाराच्या बारा तशाच. एक इन्स्ट्रक्टर म्हणाला की चहाच्या टपरीवर बाकडी म्हणून झकास दिसतील. त्याचं चुकलं असंही नाही, कारण पॉलिश मी खरंच सुंदर केलं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. देवगडच्या खाडीकाठावरून बारा फळ्या गोणपाटात गुंडाळून कोकण रेल्वेनं दिल्ली आणि तिथून बसनं मनालीच्या वर, इतका लांब मी फजिती करून घ्यायला आलो होतो. वाटेत एका टीसीनं विचारलं होतं की हे काय आहे. बर्फावर उभं राहायच्या फळ्या, म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि तिकीट न बघताच पुढे गेला.

आता हे बर्फाचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं कसं, ते सांगतो. आम्ही मेस्त्री, म्हणजे होड्या बांधणारे सुतार. माझे वडील सदा मेस्त्री. त्यांनी बांधलेली होडी किनाऱ्यावर लांबून ओळखू यायची, असं त्यांचे दुश्मनसुद्धा म्हणायचे. पण फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडाला कुणी विचारीना. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि आमच्या मांगरात, म्हणजे होड्या बांधायच्या शेडमध्ये, दोन वर्षांत एकही नवीन होडी उभी राहिली नव्हती. मी लोकांच्या स्वयंपाकघरातल्या मांडण्या ठोकत फिरत होतो. शेवटी वडिलांनीच गोव्यातल्या फायबरच्या एका फॅक्टरीत माझ्यासाठी शब्द टाकला. ज्या माणसानं आयुष्यात फायबरच्या होडीला हात लावला नव्हता, तो इस्त्रीचा शर्ट घालून फॅक्टरीच्या मालकाकडे गेला. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं होतं. मी गोव्याला गेलो की मांगराला कुलूप लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आणि त्याच सुमाराला सुभेदार शेडगे उगवले. मूळ माण तालुक्यातले, फौजेत पहाडी पलटणीत नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर मनालीच्या वर एका गावात छोटा लॉज काढून तिथंच राहिले. ते समुद्र बघायला म्हणून देवगडला आले आणि समुद्र सोडून आमच्या मांगरात बसले. वडील एका जुन्या होडीसाठी फळी शेकत होते. खाली करवंट्यांचा विस्तव, वरून ओल्या फडक्याचं पाणी, टोकाला धोंडे बांधलेले, आणि फळी हळूहळू हवी तशी वाकत जाते. सुभेदारांनी ते तासभर बघितलं आणि म्हणाले, “मेस्त्री, मला बरोब्बर असलं नाक पायजे.”

पंच्याहत्तर-शहात्तर साली ट्रेनिंगला असताना एक परदेशी पाहुणा त्यांच्या तळावर अशी एक फळी सोडून गेला होता. आजकालच्या स्नोबोर्डला पाय पट्ट्यांनी जखडतात. हिला पट्ट्या नाहीत, बूट अडकवायला काही नाही. नुसतं लाकूड, वर वळलेलं नाक आणि नाकाला दोरी. पाय मोकळे. सुभेदार आणि त्यांचे दोन सोबती त्या फळीवर दोन हिवाळे खेळले आणि मग ती मोडली. पुढे पट्ट्यांचे बोर्ड आले आणि मोकळी फळी सगळे विसरले. आता इतक्या वर्षांनी परदेशातली पोरं पट्ट्या काढून पुन्हा तसल्याच फळ्यांवर उभी राहायला लागली होती. अंगमो मॅडमनी त्याचे व्हिडिओ बघितले होते. बाहेरून मागवायची तर परवडत नाही, तेव्हा सुभेदारांनी छातीवर हात मारून सांगून टाकलं की माझा मेस्त्री आहे.

बारा फळ्या चालल्या, तर शाळेच्या मुलांना शिकवायला आणखी चोवीस, आणि मग दर हिवाळ्याला काही ना काही. म्हणजे मांगर चालू. नाही चालल्या, तर एक फेब्रुवारी. माझ्यापुरता हिशोब एवढा सरळ होता.

तर उतारावर सगळे हसत असताना मी एक फळी उलटी केली. तळाला बर्फाचा बोटभर थर बसला होता, कणकेचा गोळा परातीला चिकटावा तसा. तो नखानं काढला आणि नाकाशी वास आला. उंडीच्या तेलाचा.

उंडीचं तेल आमच्याकडे होडीच्या तळाला लावतात. पाणी आत मुरत नाही, किडा लागत नाही. नवीन होडी तेलाशिवाय कुणी मांगराबाहेर काढत नाही. पण सुभेदारांनी फोनवर तीनदा बजावलं होतं, तळ कोरडा ठेवा, मी इथं मेण लावतो. मी ते वडिलांना सांगितलं होतं. वडील हूं म्हणाले होते. मी पार्सलची चौकशी करायला कणकवलीला गेलो होतो, ती एकच दुपार फळ्या त्यांच्या ताब्यात होत्या. परत आल्यावर मी विचारलंही होतं की वास कसला. ते म्हणाले होते, मांगरात वास येणारच.

मी सुभेदारांना खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण फौजी माणूस, आवाज पडू दिला नाही. मॅडमना म्हणाले, रविवारपर्यंत मुदत द्या. रविवारी आसपासच्या क्लबांची माणसं यायची होती आणि त्याच बैठकीत काय ते ठरणार होतं. मॅडम कपडे झटकत म्हणाल्या की रविवारी त्यांना पाहुण्यांसमोर पुन्हा तोंडावर पडायचं नाही, बाकी त्यांची हरकत नाही.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करणाऱ्यातले नव्हेत. पहिलाच प्रश्न, “चल्ल्यो काय रे फळयो?”

समोर बारा फळ्या भिंतीला टेकून ठेवल्या होत्या आणि त्यांच्याखाली पाण्याची थारोळी साचली होती. सत्तर वर्षांच्या माणसाला, ज्यानं जन्मात बर्फाचा डोंगर बघितला नाही, त्याला कुठल्या तोंडानं सांगू की तुमच्या हातानं वाट लागली?

“चालल्या,” मी म्हणालो.

“चल्ल्यो?”

“हो. चांगल्या चालल्या.”

  मग ते म्हणाले, नसतील चालत तर सरळ परत ये, त्यात लाज कसली. मी पुन्हा म्हटलं की चालल्या, आणि फोन ठेवला. आयुष्यात कधी कौतुक करायचं नाही, या त्यांच्या सवयीचा मला त्या दिवशी भयंकर राग आला.

फळ्यांना वाचवलं ते शेडगे काकूंनी. काकू वीस वर्षं त्या थंडीत राहून अजून बाजरीची भाकरी थापायच्या आणि बर्फाला ‘ही पांढरी कटकट’ म्हणायच्या. मी तासणी आणि काचेचा तुकडा घेऊन तळ खरवडत बसलो होतो. जेवढं खरवडावं तेवढं खालून तेल पुन्हा वर येत होतं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

“तेलकट भांडं कशानं घासता तुम्ही?”

“राखेनं.”

“मग घोडं कुठं अडलंय?”

त्यांनी फळी बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ आडवी ठेवली. लाकूड गरम झालं तसं तेल घामासारखं वर आलं. त्यावर बुखारीतलीच राख पसरली, चोळली, पुसली, पुन्हा गरम केली. चार वेळा केल्यावर तळ कोरडा खडखडीत. बारा फळ्यांना दोन दिवस लागले. सुभेदार खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते, कारण गुडघ्याच्या ऑपरेशनपासून काकूंनी त्यांना वाकायची बंदी केली होती. शनिवारी दुपारी काकूंनी माणहून आणलेली कोळशाची इस्त्री काढली आणि आम्ही मेणबत्त्या वितळवून तळाला मेण चढवलं. इस्त्री पुन्हा कपड्याला लागणार नाही, हे काकूंनी मला बजावून सांगितलं आणि वर एक नवी घेऊन द्यायची तंबीही दिली.

रविवारी ऊन लख्ख पडलं होतं. पहिली फळी उतारावर ठेवली आणि बूट टेकवायच्या आतच ती निसटून खाली पळाली. एक माणूस तिच्यामागे धावला. मला नाचावंसं वाटलं. सुभेदार माझ्या पाठीत गुद्दा मारून म्हणाले, “चालतीय की रं!”

पण पुढं भलतंच झालं. फळ्या चालत होत्या, माणसं चालेनात. पट्ट्यांच्या बोर्डावर दहा-दहा वर्षं घालवलेले इन्स्ट्रक्टर एकामागून एक उभे राहिले आणि एकामागून एक पडले. त्यांच्या पायांना पट्ट्यांची सवय. वळायचं म्हटलं की ते टाचेनं बोर्ड ओढायला जायचे, बोर्ड जागेवरच राहायचा आणि पाय हवेत. मॅडम दोनदा पडल्या, त्यातली एकदा पाहुण्यांच्या अगदी पायाशी. बाहेरच्या क्लबचा एक लठ्ठ गृहस्थ थर्मासमधून चहा ओतत म्हणाला की मुलांना द्यायची गोष्ट ही नव्हे, जिथं शिकवणारेच उभे राहत नाहीत तिथं मुलं काय राहणार.

मॅडम माझ्याकडे आल्या. बाई सरळ होत्या, गोडगोड बोलल्या नाहीत. काम उत्तम आहे, पण उभं कोण राहणार, असं विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबल्या.

माझ्यामागे खुर्ची खडखडली. वळून बघतो तर सुभेदार कोटाची बटणं काढत होते. “मी दाखवतो,” म्हणाले. काकूंनी त्यांची कॉलर मागून धरली ती सोडली नाही.

“गुडघ्यात स्टीलच्या वाट्या बसवल्यात त्या काय शोभेला?” काकू म्हणाल्या. “खाली बसा.”

ते बसले, आणि मी बघितलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय. त्या क्षणी मला गोवा दिसला, फायबरचा तो घशात बसणारा वास आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मी राहतो उभा.”

डोंगरावरचा बर्फ मी आयुष्यात त्याच आठवड्यात पहिल्यांदा बघितला होता. त्यावर नीट चालताही येत नव्हतं, लॉजच्या पायरीवर तीनदा आपटलो होतो. वर जाऊन मी फळीवर पाय ठेवले आणि दोरी हातात घेतली. खालून सगळे एवढे एवढे दिसत होते.

मग फळी सुटली.

आणि पहिल्या दहा पावलांतच मला कळलं की हे मला येतं. सात वर्षांचा असल्यापासून मी खाडीत लहान होडीवर उभा राहून काठीनं होडी ढकललीय. त्या होडीत पाय बांधायला काही नसतं, धरायला काही नसतं. होडी डुलली तर तिच्याशी भांडायचं नाही, तिच्याबरोबर डुलायचं. गुडघे ढिले सोडायचे. नजर पायाकडे नाही, पुढच्या पाण्याकडे. मी नेमकं तेवढंच केलं. डावीकडे झुकलो तशी फळी डावीकडे गेली. उजवीकडे झुकलो, उजवीकडे. नाकाखाली बर्फ फसफसत होता आणि मी मोठमोठ्यानं हसत होतो, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. सत्तर-ऐंशी पावलं तरी गेलो असेन. थांबायचं कसं ते मात्र माहीत नव्हतं. होडी थांबवायला काठी असते. मी त्या थर्मासवाल्या गृहस्थाच्या रोखानं निघालो होतो, त्यानं थर्मास टाकून बाजूला उडी मारली आणि मी मागच्या ढिगाऱ्यात कमरेपर्यंत गेलो.

बाहेर ओढून काढल्यावर मॅडमनी एकच विचारलं, पायांनी काय करत होतास? मी म्हटलं, काहीच नाही. त्या चक्रावल्या. मग मी त्यांना सपाटीवर फळीवर उभं केलं आणि फळी हातानं हलवत राहिलो, आमच्याकडे पोरांना होडीत उभं राहायला शिकवतात तशी. पडायला लागल्या की म्हणायचो, भांडू नका तिच्याशी. अर्ध्या तासानं त्या वर गेल्या आणि पार खालपर्यंत उभ्या आल्या. त्यानंतर इन्स्ट्रक्टरांची रांग लागली. जेवायच्या वेळेपर्यंत चौघे जण उतरत होते आणि लठ्ठ गृहस्थ मला बाजूला घेऊन विचारत होता की आमच्या क्लबला किती दिवसांत देशील.

चोवीस फळ्यांचं पक्कं झालं. मॅडमनी सगळ्यांसमोर हात मिळवला. सुभेदारांनी मला मिठी मारली आणि ते उघड उघड रडले, मग बर्फाची चमक डोळ्यांना लागते असं म्हणाले.

दुपारी लॉजवर काकूंनी भाकरी आणि पिठलं वाढलं. सगळे खुशीत होतो. काकू म्हणाल्या, वडिलांना आता सांगून टाका तेलाचं, पण रागवू नका त्यांच्यावर.

“त्या म्हाताऱ्या माणसानं बर्फ बघितलाय कुठं?” त्या म्हणाल्या. “त्यांना काय ठाऊक तेल गोठतंय म्हणून.”

मी हसत म्हणालो, “छे, त्यांनी कुठला बर्फ...”

आणि घास हातातच राहिला.

देवगड बंदरातल्या ट्रॉलरांना मासे ठेवायला बर्फाच्या लाकडी पेट्या लागतात. तीस वर्षं त्या पेट्या सदा मेस्त्री बांधत होते. बाहेरून तेल, आतून थेंब नाही. मी लहानपणी एकदा आतून तेलाचा बोळा फिरवला तेव्हा माझ्या पाठीत धपाटा बसला होता, आतून तेल लागलं तर बर्फ चिकटून बसतो आणि फावड्यानं निघत नाही म्हणून. उभ्या बंदरात ती गोष्ट त्यांच्याइतकी चांगली कुणाला माहीत नव्हती.

मी जेवण तसंच टाकून बाहेर आलो आणि फोन लावला. रागानं कानशिलं तापली होती. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

“बाबा, बर्फाच्या पेटीला आतून तेल लावतात काय?”

पलीकडे अंगणात कुणीतरी झाडत होतं, त्या नारळाच्या हिरांच्या झाडूचा आवाज येत होता. तो थांबला.

“नाय,” ते म्हणाले.

“मग?”

“माका वाटला, हरान परत येतलंस. आणि गपचूप गोव्याक जातलंस.” ते सावकाश बोलत होते, एकेक शब्द तासून घेतल्यासारखे. “माझ्या बापसान माका ह्या धंद्यात घातल्यान. माझ्या पाठीची काय गत झाली ती तू बघतंस मा? फॅक्टरीत पगार आसा. पेन्शन आसा.”

मी काय काय बोलणार होतो. तुम्ही माझा घात केलात, असं म्हणणार होतो. पण मला आठवलं की त्या फळ्यांची नाकं त्यांनीच वाकवली होती. महिनाभर पाठीला पट्टा बांधून, एकेक फळी दोन-दोनदा शेकून. मी घाई केली तर माझ्या हातातून काढून घेत होते. बारातल्या एकीचंही नाक त्यांनी वाकडं जाऊ दिलं नव्हतं. लाकूड बिघडवणं त्यांना जमलं नाही. शेवटी एवढंच जमलं की एका दुपारी तेलाचा डबा घेऊन बसायचं.

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मला हुंदका आला, आणि तो त्यांना ऐकू गेला असणार.

“बाबा, आज मी उभा राहिलो फळीवर. वरपासून खालपर्यंत आलो.”

“पाय बांधून?”

“मोकळे.”

 मग त्यांनी एकदम मेस्त्रीच्या आवाजात विचारलं, नाक बर्फात घुसत होतं की वर राहत होतं. मी म्हटलं, वर राहत होतं. वळताना? वळतानाही. शेवटी त्यांनी विचारलं की त्या लोकांना अजून किती हव्यात.

“चोवीस. मग आणखी एका क्लबच्या. बाबा, मी गोव्याला जाणार नाही.”

 

“बरा,” ते म्हणाले. “फुडच्या फळयांका मी तेल लावूचंय नाय.”